पट्टीत पत्ता बँकेचाच दिसत होता : एका सायबर तक्रारीचा अनुभव

बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यांवर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिल्यापासून नात्यातले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात : आता ब्राउझरच्या वरच्या, पत्ता दाखवणाऱ्या पट्टीत हा शेवट दिसला की निर्धास्त व्हायचे ना? मला ‘हो’ म्हणता येत नाही. आमच्या घरी जो प्रकार घडला त्यात वरच्या पट्टीत बँकेचा अचूक पत्ता होता, त्यातले एकही अक्षर इकडचे तिकडे झालेले नव्हते, आणि तरीही ते पान बँकेचे नव्हते, कारण ती पट्टीच रंगवलेली होती. पुढे पोलीस, बँक आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे रिझर्व्ह बँकेचे लोकपाल यांच्याकडे आमचे प्रकरण अडले ते या एका मुद्द्यावर, आणि सुटले तेही बऱ्याच अंशी त्याच मुद्द्यावर. म्हणून पैसे गेल्यापासून त्यांतले काही परत मिळेपर्यंत काय काय करावे लागले, ते क्रमाने लिहीत आहे.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले आहेत. २० ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा चाळीसच्या सुमारास त्यांच्या फोनवर संदेश आला की बँकेचे साठलेले रिवॉर्ड पॉइंट आज रात्री रद्द होणार असून ते रोख स्वरूपात खात्यात जमा करून घेण्यासाठी सोबतचा दुवा उघडावा. नानांनी तो उघडला, वर बँकेचा पत्ता आणि शेजारी कुलूप असल्याची खात्री करून घेतली आणि मागितलेली माहिती भरली : नेट बँकिंगचे नाव, पासवर्ड, डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे. त्यानंतर त्या पानाने ओटीपी मागितला, तो चुकल्याचे सांगून दुसरा मागितला, आणि तसेच करून तिसराही.

ते तीन संदेश आम्ही नंतर नीट वाचले तेव्हा कळले की एकही ओटीपी चुकलेला नव्हता. पहिला होता नवा लाभार्थी जोडण्यासाठी, दुसरा त्याला पैसे पाठवण्यासाठी आणि तिसरा डेबिट कार्डाचा परदेशातील वापर सुरू करण्यासाठी. कोणता आकडा कशासाठी आहे हे प्रत्येक संदेशात स्पष्ट लिहिलेले होते. परंतु हल्ली संदेश उघडावाच लागत नाही, आकडा आपोआप कळफलकाच्या वर येतो आणि त्यावर बोट ठेवले की तो रकान्यात जाऊन बसतो. ही सोय बंद करण्याची गरज नाही, मात्र बँकेच्या कामाच्या वेळी संदेश उघडून पूर्ण वाचण्याची सवय लावून घ्यावी.

अकरा बावन्नला ४९,९९९ रुपये गेल्याचा संदेश आला. नव्याने जोडलेल्या लाभार्थ्याला पहिल्या दिवशी किती रक्कम पाठवता येते याला त्या बँकेत पन्नास हजारांची मर्यादा आहे, आणि हा आकडा तिच्या आत बसवलेला होता. नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “अगं, पन्नास हजार वजा झालेत. पण मी तर बँकेतच होतो.”

नेट बँकिंग आणि कार्ड ताबडतोब बंद करायला सांगणे हे पहिले काम होते. त्यासाठीचा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावावा; इंटरनेटवर शोधू नये, कारण तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही सापडतात. अकरा अठ्ठावन्नला लागलेला हा फोन आठ मिनिटे चालला. नेट बँकिंग आणि कार्ड दोन्ही बंद करा, असे नानांनी माझ्यासमोर सांगितले आणि पलीकडून होकार आला. मी वहीवर वेळ, पलीकडच्या व्यक्तीने सांगितलेले नाव आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवला. ही नोंद पुढे ३८,४६२ रुपयांच्या मोलाची ठरली, कारण बारा चोवीसला कार्डावरून परदेशातील एका संकेतस्थळावर तेवढा खर्च पडल्याचा संदेश आला. नेट बँकिंग बंद झाले होते, कार्ड मात्र चालूच राहिले होते. आम्ही पुन्हा फोन करून तेही बंद करून घेतले.

मधल्या वेळात मी १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक लावत होते. तो बराच वेळ व्यग्र लागला, पण सोडून देऊ नये. लागल्यावर ते गोष्ट ऐकत बसत नाहीत. त्यांना खाते क्रमांक, बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हवा असतो, आणि तो संदेशात किंवा खात्याच्या उताऱ्यात सापडतो. ही माहिती ज्या प्रणालीत भरली जाते ती बँकांशी जोडलेली आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अजून पडून असतील तर त्यांवर होल्ड लागतो, म्हणजे ते तिथेच गोठवले जातात, पुढच्या खात्यात सरकले असतील तर त्या खात्याकडे विनंती जाते. म्हणून इथे अर्ध्या तासालाही किंमत असते. फोन ठेवल्यावर पोच क्रमांक संदेशाने आला, आणि उरलेली तक्रार चोवीस तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर पूर्ण करावी, असे सांगण्यात आले.

त्या अर्जात संशयित संकेतस्थळाचा पत्ता विचारतात, आणि इथे आम्ही पहिल्यांदा अडलो. नानांना कोणत्याही ऑनलाइन कामाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय आहे. लेखा विभागातील माणूस पुरावा ठेवल्याशिवाय पुढे जात नाही. त्यांनी त्या पानाचाही स्क्रीनशॉट काढला होता आणि त्यात वर कुलूप व बँकेचा खरा पत्ता स्वच्छ दिसत होता. तोच पत्ता ‘संशयित संकेतस्थळ’ म्हणून अर्जात लिहिला असता तर आम्ही बँकेच्याच संकेतस्थळाविरुद्ध तक्रार केली असे झाले असते. तेवढ्यात शेजारच्या काकांनी, फोनमध्ये काहीतरी शिरले असेल, तो रीसेट करून टाका, असा सल्ला दिला. तो आम्ही तेव्हा मानला नाही हे फार बरे झाले, कारण खरा पत्ता त्या फोनमध्येच होता.

ब्राउझरच्या इतिहासात अकरा त्रेचाळीसची नोंद सापडली. तिचे शीर्षक बँकेच्या नावाचे होते, पण त्याखालचा पत्ता वेगळा होता. सुरुवातीला बँकेचे नाव, मग आडवी रेघ, ‘रिवॉर्ड्स’, पुन्हा रेघ, ‘लॉगिन’, मग टिंब, त्यापुढे काहीही अर्थ न लागणारी अक्षरे आणि शेवटी ‘डॉट टॉप’. पत्ता डावीकडून वाचला तर आधी बँकच दिसते. परंतु मालक कोण हे कळण्यासाठी पहिली एकेरी तिरकी रेघ शोधून तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचावे लागते. त्या रेघेच्या लगतचे दोन तुकडे, म्हणजे ‘डॉट टॉप’ आणि त्याआधीची अर्थहीन अक्षरे, एवढाच खरा मालकीचा भाग. (आपल्याकडच्या ‘को डॉट इन’सारख्या शेवटांच्या बाबतीत तीन तुकडे धरावे लागतात.) त्याच्याही डावीकडे मालकाला हवे ते नाव लावता येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मी ती नोंद न उघडता नुसती दाबून धरून पत्ता नक्कल केला, इतिहासाच्या पानाचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढले आणि हे सगळे स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवले.

संकेतस्थळावरचा अर्ज भरायला संध्याकाळ गेली. घटनेचे वर्णन किमान दोनशे अक्षरांचे असावे लागते आणि त्या रकान्यात काही चिन्हे चालत नाहीत, त्यामुळे मजकूर आधी दुसरीकडे साध्या वाक्यांत लिहून ठेवणे सोयीचे पडते. सोबत ओळखपत्र, खात्याचा उतारा आणि स्क्रीनशॉट जोडावे लागतात.

दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला, आम्ही शाखेत लेखी तक्रार दिली आणि आमच्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घेतली. अशा प्रकरणांना तेव्हा रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक लागू होते. त्यानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही असा अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकावर काहीच भार येत नाही, आणि चार ते सात कामकाजी दिवसांत कळवला तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर मात्र बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. परंतु कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. आमचे दोन व्यवहार या रेषेच्या दोन बाजूंना पडत होते, म्हणून तक्रारीत त्यांची दोन वेगळी कलमे केली. सगळे एकात मिसळून ‘आमचे ८८,४६१ रुपये परत करा’ एवढेच लिहिले असते, तर उत्तरही एका ओळीचे आले असते.

शाखेतील अधिकाऱ्यांनी नानांचा स्क्रीनशॉट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “काका, हा तर आमचाच पत्ता आहे. म्हणजे तुम्ही आमच्याच साइटवर होता.” नानांनी मान खाली घातली. आपल्याला भ्रम झाला होता की काय, असे त्यांना त्या क्षणी वाटले, हे त्यांनी मला रिक्षात सांगितले. त्या आठवड्यात ते कोणाशी फारसे बोलत नव्हते. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण आपण जे डोळ्यांनी पाहिले त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, याचा त्यांना जास्त त्रास झाला.

मग मी तो स्क्रीनशॉट संगणकावर मोठा करून पाहिला. नाना ब्राउझरमधील टॅब कधीही बंद करत नाहीत. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये उघड्या टॅबची संख्या वर उजवीकडे एका चौकोनात दिसते, आणि ती नव्व्याण्णवच्या पुढे गेली की आकड्याऐवजी तिथे हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह येते. नानांच्या फोनवर ते चिन्ह कित्येक महिन्यांपासून मुक्कामाला आहे. स्क्रीनशॉटमधल्या चौकोनात मात्र ३ होते. नानांचा फोन गडद रंगसंगतीवर ठेवलेला आहे, त्यामुळे खरी पट्टी काळी दिसते. ही पांढरी होती. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ते कुलूप. क्रोमने पट्टीतले कुलूप सप्टेंबर २०२३ मध्येच, आपल्या ११७ व्या आवृत्तीत, काढून टाकले आणि त्या जागी दोन रेघांवर दोन गोळे असलेले सेटिंगचे चिन्ह आणले. त्यामागचे एक कारण असे की कुलूप म्हणजे संकेतस्थळ विश्वासू, असा लोकांचा समज झाला होता; प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या पानाच्या मधले बोलणे तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला चोर असेल तर चोराशी तुमचे बोलणे अगदी सुरक्षित राहते. आमच्या भामट्याने जुन्या चित्रावरून पट्टी रंगवली होती आणि त्यात हिरवे कुलूप तसेच राहून गेले होते.

हे कसे साधतात हे थोडक्यात सांगते, कारण बँकेतही ते समजावून द्यावे लागले. फोनवर पान खाली सरकवले की ब्राउझर जागा वाचवण्यासाठी आपली पट्टी वर लपवतो. ती गेली की पडद्याचा तो भाग पानाच्या ताब्यात येतो आणि पान तिथे पट्टीसारखे दिसणारे चित्र ठेवू शकते. मग सगळा मजकूर एका आतल्या चौकटीत अडकवतात. वाचणाऱ्याला वाटते आपण पान वर सरकवतो आहोत, पण सरकते ती आतली चौकट, त्यामुळे खरी पट्टी परत येतच नाही. जेम्स फिशर नावाच्या एका प्रोग्रामरने एप्रिल २०१९ मध्ये हे जाहीरपणे करून दाखवले होते : पान त्याचे स्वतःचे, वरच्या पट्टीत पत्ता एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेचा. संगणकावर याचाच भाऊ सापडतो. तिथे पानाच्या आतच एक लहान खिडकी रंगवतात आणि त्या खिडकीला स्वतःची पट्टी देतात; मार्च २०२२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने त्याचे नमुने प्रसिद्ध केले होते. अशी खिडकी माउसने धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहावी. ती बाहेर जात नसेल तर ती खिडकी नव्हे, चित्र आहे.

यात ब्राउझरमध्ये काही बिघाड असण्याची गरज नाही. कधी कधी तोही असतो आणि चुकीचा पत्ता खऱ्याखुऱ्या पट्टीत दिसतो. रफाय बलोच या संशोधकाने २०२० मध्ये अनेक मोबाइल ब्राउझरांतले असे दोष उघड केले होते. त्यावर ब्राउझर अद्ययावत ठेवणे एवढाच आपल्या हातातला उपाय आहे. रंगवलेल्या पट्टीवर तो चालत नाही. आणि म्हणूनच ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट खऱ्या पट्टीत दिसला तर त्याला अर्थ आहे, कारण तो नोंदवून देण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे असून तो बँकांनाच मिळतो. चित्र काढणाऱ्याला मात्र कोणाकडे नोंदणी करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला नानांनी बोलता बोलता सांगितली. एरवी बँकेचे पान उघडले की त्यांचे नाव आणि पासवर्ड आपोआप भरले जातात, त्या दिवशी रकाने रिकामे राहिले, म्हणून त्यांनी कपाटातून डायरी काढून पासवर्ड पाहून टाकला. पासवर्ड जपून ठेवणारी सोय माणसासारखी चित्र पाहत नाही, ती खरा पत्ता पाहते. रकाने अचानक रिकामे दिसले तर तिथेच थांबावे, ही मला या सगळ्यात सापडलेली सर्वांत उपयोगी खूण वाटते.

नानांच्याच फोनवर बँकेचे खरे पान उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी रंगीत छापून फरकांवर आकडे घातले. खर्च साठ रुपये. या एका कागदाने पुढे जेवढे काम केले तेवढे आमच्या कोणत्याही पत्राने केले नाही.

सायबर पोलीस ठाण्यात आम्ही २३ ऑगस्टला गेलो. तिथल्या तरुण अंमलदारांना हा प्रकार ठाऊक होता आणि त्यांनी आधी पत्ता मागितला, स्क्रीनशॉटमधला नव्हे, इतिहासातला. त्यात परकी अक्षरे तर नाहीत ना, हेही त्यांनी पाहिले. काही लिप्यांतली अक्षरे इंग्रजी अक्षरांसारखीच दिसतात; २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीची अक्षरे वापरून हुबेहूब ‘ॲपल डॉट कॉम’ दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. तेव्हापासून ब्राउझर असे पत्ते बहुधा ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा अशा सुरुवातीच्या मूळ रूपात दाखवतात. आपल्या देवनागरी ‘डॉट भारत’ पत्त्यांचे मूळ रूपही तसेच असते, तेव्हा केवळ एक्सएन दिसले म्हणून खोटे ठरवू नये. बँकेच्या पत्त्यात दिसले तर मात्र मागे फिरावे. आमच्या पत्त्यात तसे काही नव्हते. तो अंमलदारांनी स्वतःच्या संगणकावर उघडला तेव्हा लाल इशारा आला, म्हणजे तोवर कोणीतरी कळवले होते. पत्त्याची नोंदणी १६ ऑगस्टची निघाली. चार दिवस वयाच्या संकेतस्थळाने नानांना गाठले होते. मीही त्या रात्री तो पत्ता गूगलच्या सुरक्षित ब्राउझिंगच्या अर्जात, नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ईमेलने कळवला. याने आपले पैसे परत येत नाहीत, पण त्याला दहा मिनिटांहून जास्त वेळही लागत नाही.

जबाब लगेच घेतला गेला, गुन्हा दाखल व्हायला मात्र वेळ लागला. ७ सप्टेंबरला गणपती बसले, पोलीस बंदोबस्तावर गेले, आणि विसर्जनानंतर गुन्हा नोंदवला गेला : भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८(४) आणि ३१९(२), शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी. फिर्यादीला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. याच सुमारास कळले की पहिल्या व्यवहारातले ३१,४०० रुपये दुसऱ्या राज्यातील एका खात्यात होल्ड झालेले आहेत आणि उरलेले १८,५९९ एटीएममधून काढले गेले आहेत.

बँकेचे उत्तर १८ सप्टेंबरला आले. दोन्ही व्यवहार ग्राहकाने ओटीपी देऊन अधिकृत केलेले असून त्याने सादर केलेल्या चित्रातही बँकेचेच अधिकृत संकेतस्थळ दिसते, त्यामुळे दावा अमान्य, असे त्यात होते. मला राग आला, कारण दोन चित्रांचा तो कागद आम्ही दिलेला होता आणि त्याचा पत्रात उल्लेखही नव्हता. नाना मात्र ते पत्र वाचून प्रथमच ताठ बसले. अमान्यतेच्या पत्रात कोणत्या मुद्द्याला उत्तर दिलेले नाही हे हुडकून काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. त्यांनी फाइल लावली, कागदांना पान क्रमांक घातले, आवक-जावकाचे क्रमांक टाकले आणि पेन्सिलीने समासात लिहिले : ‘अकरा अठ्ठावन्नच्या दूरध्वनीबाबत मौन.’

बँकेने तक्रार नाकारली किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते. त्यासाठी आम्ही अर्ज केला तेव्हा एक वर्षाची मुदत होती, शुल्क नसते आणि वकील लागत नाही. ती सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पत्त्यावर होते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आम्ही २४ सप्टेंबरला अर्ज केला. त्यात भर दुसऱ्या व्यवहारावर ठेवला : फोन बारा वाजून सहा मिनिटांनी संपला, व्यवहार बारा चोवीसला झाला, त्याला ओटीपी लागलेला नाही, आणि कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे असे परिपत्रक सांगते. फोनमधील कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडला आणि बँकेने त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण सादर करावे, अशी मागणी केली. अनधिकृत व्यवहाराची रक्कम कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो, हेही लिहिले, कारण पहिली गोष्ट झालेलीच नव्हती.

होल्ड झालेल्या रकमेचा मार्ग वेगळा. ती सोडवायला आम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागणार होता आणि त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करायचा होता. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४५७ होते. पण ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची आचारसंहिता लागली, मग न्यायालयाला दिवाळीची सुट्टी, मग २० नोव्हेंबरचे मतदान, आणि आमचे तपासी अंमलदार पुन्हा बंदोबस्तावर. अर्ज २ डिसेंबरला दाखल झाला. वकिलांनी सहा हजार घेतले. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. खाते घरातील बाईच्या नावावर असेल तर तिथे आधी विचारावे. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडले. न्यायालयाने सांगितल्यास रक्कम पुन्हा हजर करू, असे लिहून द्यायच्या बंधपत्रासाठी पाचशेचा मुद्रांक लागला, कारण शंभरचा त्याच ऑक्टोबरमध्ये राज्यात इतिहासजमा झाला होता. न्यायालयात द्यायचे प्रतिज्ञापत्र मात्र साध्या कागदावर चालते, त्यासाठी कोणी मुद्रांक विकत घ्यायला लावला तर घेऊ नये. पोलिसांचे म्हणणे दाखल व्हायला दोन तारखा गेल्या आणि १० जानेवारी २०२५ रोजी आदेश झाला. आदेशाची प्रमाणित नक्कल पोलिसांनी ईमेलने त्या दुसऱ्या बँकेकडे पाठवली. तिथे पाठपुरावा करावा लागला, आणि ३१,४०० रुपये फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खात्यात आले.

लोकपालांच्या कार्यालयातून त्याआधीच, जानेवारीत, दूरध्वनी आला होता. दोन्ही बाजूंत समेट घडवण्याचा प्रयत्न केला जातो. ध्वनिमुद्रणात नानांनी कार्ड बंद करायला सांगितल्याचे स्पष्ट ऐकू येत असल्याचे आम्हाला सांगण्यात आले, आणि दोन चित्रांच्या कागदाबद्दल प्रथमच कोणीतरी प्रश्न विचारले. २७ जानेवारीला ३८,४६२ रुपये जमा झाले. पहिल्या व्यवहाराबाबतचा आमचा दावा मात्र टिकला नाही, कारण तो बँकेला कळवण्यापूर्वीचा होता आणि ओटीपी नानांनी दिलेला होता. मला हा निकाल कडक वाटतो. बँकेचा पत्ता तपासा, असे बँकाच सांगतात. तो तपासणाऱ्याला निष्काळजी ठरवताना पत्ता रंगवता येतो ही गोष्ट हिशेबात धरायला हवी. नानांना निकाल नियमाप्रमाणे वाटतो. आमचे यावर अजून एकमत झालेले नाही.

आता नाना संदेशातल्या दुव्यावरून बँकेत जात नाहीत. बँकेच्या ॲपमधून जातात किंवा स्वतः जपून ठेवलेल्या खुणेवरून. कार्डाचा परदेशातील वापर बंद आहे आणि नेट बँकिंगवरून पाठवायच्या रकमेची रोजची मर्यादा दहा हजारांवर आणली आहे. कोणताही पैसा न जाता नुसता संशयास्पद संदेश आला तर तो आम्ही दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत कळवतो.

गुन्ह्याचा तपास कागदोपत्री चालू आहे. ज्याच्या खात्यात पैसे गेले तो माणूस पोलिसांना सापडला, पण त्याने ते खाते काही हजारांना दुसऱ्याला वापरायला दिले होते. उरलेले १८,५९९ रुपये मिळतील असे आम्ही धरून चाललेलो नाही. तरीही दोषारोपपत्र किंवा अंतिम अहवाल दाखल झाला की फिर्यादीला नोटीस येते, म्हणून नानांचा तोच मोबाइल क्रमांक चालू ठेवला आहे, घर बदलण्याआधी नवा पत्ता पोलीस ठाण्यात लेखी कळवला आहे आणि बंधपत्राची अट असल्याने ती फाइलही जपून ठेवली आहे.